खालची शेंग

शेडमधे तीन हेडर आडवे पडलेत,
लग्नघरी दुपारी पाहुणे पडतात तसे.
एक चौदा फुटी, ताठ, गव्हाचा.
एक बारा फुटी, लवचिक,
पातं जमिनीच्या पोटावरून हात फिरवत जातं त्याचं.
आणि तो मक्याचा, सहा नाकाडांचा,
जुना घेतलेला, रंग उडालेला.
त्याच्या तिसऱ्या नाकाडात चिमणी राहते.

मौद्याहून, कुहीहून फोन येतात :
"हिवराजभाऊ, कोणता बरा आहे गा?"
मी विचारतो, पेरलं काय? जमीन कन्हार की बरडी?
पांदण किती फुटाची?
माणूस वैतागतो.
त्याला गोळीचं नाव पाहिजे असते,
मी जीभ दाखव म्हणतो.

पहिल्या साली मलाही एकच नाव ठाऊक होतं : चौदा.
"एका फेरीत चौदा फूट, भाऊजी. हिशेब करा,"
साळा म्हणाला, गुणवंत.
हिशेब केला.
पांदणीनं केला नाही.
पांदण नऊ फूट, दोन्ही अंगाला बेशरमाची झाडं.
हेडर सोडा, ट्रॉलीवर लांबट घाला,
धुऱ्यापाशी पुन्हा जोडा,
चार बोल्ट, एक शाफ्ट, गुणवंतच्या आईचा उद्धार.

उमरेडकडे रेवताबाई गजभियेंचं सोयाबीन काढलं.
ऑक्टोबरचं ऊन, धूळ, टाकी भरत चाललेली,
मी केबिनमधे खूश.
बाई मागून येत होत्या, बुडखे पाहत.
मधेच बसल्या. कमरेची काडेपेटी काढली,
जमिनीवर आडवी धरली :
"माही खालची शेंग इथं."
मग उभी धरली :
"तुमचं पातं इथं.
मधातलं कोणाचं?"

मी खाली उतरलो.
बुडख्याबुडख्यावर दोन-दोन शेंगा,
हजेरीत नाव न पुकारलेल्या पोरांसारख्या.
बाईंनी भाड्यातून दीड पोत्याचे पैसे कापले,
आवाज न चढवता.
काडेपेटी माझ्याकडेच राहिली.

पुढच्या हंगामाला लवचिक आणला.
वाटलं, आता झालं.
मग रामटेककडची धानाची बांधी.
पाणी उशिरा सोडलेलं, वाऱ्यानं धान लोळलेलं,
आणि माझा शहाणा हेडर
ओंबीआधी चिखल खाऊन बसला.
पोट भरलं, साखळी थांबली, मशीन अक्षापर्यंत.
शेजारच्या बांधीत भंडाऱ्याचा एक पोरगा
पट्ट्यावरच्या बारक्या गाडीला सहा फुटी लावून
बदकासारखा चालला होता.
चौदा, बारा, सगळं विसरून
मी त्याच्याकडे ट्रॅक्टर मागायला गेलो.

काटोलच्या बरडीवर उलटंच शिकलो.
तिथं काडेपेटी खिशात ठेवायची.
पातं चार बोटं वर.
शेंग गेली तर गेली,
एक गोटा आत आला की तीन पाती जातात
आणि दिवस जातो.

हरभऱ्याला दुपारी हात लावू नये,
घाटे नुसत्या आवाजानं फुटतात.
सकाळी, दव उडाल्यावर लगेच.
आणि रीळ गाडीपेक्षा थोडंच पुढं,
सासुरवाडीत बोलावं तितकंच.

हे सगळं फोनवर सांगता येत नाही.
म्हणून म्हणतो, मी येतो, आधी पाहतो.
गुणवंत म्हणतो, डिझेल फुकटचं जळतं.
जळतं.
वावरात गुडघे टेकले की मालक हसतो,
मग हळूच तोही टेकतो.

काल सावनेरहून फोन आला,
वीस एकर उन्हाळी मका, उद्याच पाहिजे.
मी शेडमधे जाऊन उभा राहिलो.
तिसऱ्या नाकाडात चार चोची, सगळ्या उघड्या.
"दाण्यात ओल असेल अजून," मी म्हणालो,
"आठ दिवस थांबा."
असेलही ओल.
पाहिलं कोणी?